भरल्या चाळीवरचं चित्र

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, फिल्मची रीळ फिरवून हलती चित्रं दाखवणारा. मित्रांनो, आधीच बजावतो, माझा दिवा चालू असताना जवळ येऊन बघा, पण हात लावू नका. चटका बसेल. आता ऐका.

सत्तरच्या दशकात मी प्रचाराच्या गाडीतून नाशिक जिल्ह्यातली गावं फिरलो. पांढरा पडदा दिसला की गाव गोळा व्हायचं. पुढे व्हिडिओ आला आणि मी सातपूरच्या एका वर्कशॉपात भंगाराखाली गेलो. तिथून मला चित्रकलेच्या चांगुणाबाईंनी उचललं, माझा पट्टा बदलला, भिंग मऊ फडक्याने पुसलं.

बाईंनी लासलगावजवळ सावळीरामभाऊंच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या बांबूच्या मांडवात, कांदे निवडणाऱ्या बायकांची फिल्म काढली होती. ती बाईंना पडद्यावर दाखवायची नव्हती. जिथे ते हात राबले, तिथेच, भरल्या चाळीवर दाखवायची होती, आणि त्याच बायकांना. दुसऱ्या दिवशी कांदा मार्केटला जाणार होता. म्हणजे हाती एकच संध्याकाळ.

आत अंधार व्हावा म्हणून बाईंनी दुपारीच चाळीला गोणपाटं बांधली. भाऊ धावत आले.

"ताई, सोडा ती. चाळीला वारा लागतो. कोंदलं की कांदा सडला."

"तासाभरासाठीच, भाऊ."

"कांद्याला घड्याळ कळत नाय. त्यापरीस माझं धोतर बांधा पडद्याला, थेटरात असतं तसं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"धोतर नको. मला चाळच हवी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच गोणपाटं सोडू लागल्या.

आता अंधाराची वाट बघणं आलं. पण दिवस कलला तशी त्या बायकांमधली धोंडाबाई उठली. "अंधार पडेस्तोवर थांबलो तर भाकरी कोण थापणार? आन् आमचं काय बघायचं? रोजच वाकतो की."

बाईंनी मला तसंच चालू केलं. उजेडात चित्र पार फिकं पडलं. बायका चपला शोधू लागल्या. तेव्हा बाईंनी मला उचलून चाळीच्या अगदी जवळ आणलं. आणखी जवळ. चित्र लहान होत गेलं, पण उजळलं. शेवटी ते पाटीएवढं झालं आणि बांबूच्या फटींतून दिसणाऱ्या कांद्यांवर स्थिरावलं. त्यात खऱ्या मापाचे दोन हात कांदे निवडत होते.

"ही तर शकुबाईची बांगडी," कुणीतरी म्हणालं.

शकुबाईने हात पुढे केला. तिच्या हातावर तिचाच हात कांदा फिरवून बघत होता.

दारापर्यंत गेलेली धोंडाबाई परत आली. "सरक जरा. माझे कधी येतात बघू दे."

सकाळी ट्रॅक्टर आले आणि चाळ रिकामी झाली.

आज मी कपाटात आहे. मित्रांनो, नुसती धूळ झटकून मला शोभेला मांडू नका. दोन थेंब तेल घाला, वायर तपासा. उन्हाळ्यात नामपूरकडच्या चाळी भरतील. मला तिथे न्या. बायका निघायच्या आत पोचू.