वन्समोअर न मिळालेलं गाणं

मित्रांनो, मी खुर्ची आहे, आणि चांगली जुनी आहे. उइटहॉर्न नावाच्या डच गावातल्या सभागृहात तिसऱ्या रांगेच्या टोकाला, खांबाजवळ माझी जागा. बीचच्या लाकडाचे हात, पाठीला किंचित बाक आणि बसायला लाल मखमलीची गादी. म्हणजे लाल होती. आता तिचा रंग कोणता म्हणायचा ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म नदीकाठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला म्हातारा सुतार फार कडक. खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यावर बसायचा, डोळे मिटून इकडेतिकडे झुकायचा, आणि जरा कुरकुर ऐकू आली की परत रंधा हातात घ्यायचा. माझ्यावर बसला आणि त्याला चक्क डुलकी लागली. त्याहून मोठं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

तिथून मी एका संगीतशाळेत गेले. मुलं पियानो वाजवायची आणि आईबाप माझ्यावर बसून घामाघूम व्हायचे. शाळा बंद पडली तेव्हा आम्हा सगळ्यांना ट्रकात घालून इथे आणून टाकलं. इथे नगरपालिकेच्या सभा झाल्या, योगाचे वर्ग झाले, म्हाताऱ्यांचे पत्त्यांचे डाव झाले, नाटकं तर किती झाली. एवढी माणसं अंगावर बसून गेली की एक विद्या आपोआप येते. माणूस कंटाळला की आधी या मांडीवरून त्या मांडीवर होतो. खोटं हसत असेल तर त्याचे फक्त खांदे हलतात, खरं हसला तर सगळी खुर्ची हलते. आणि खरोखर आत कुठेतरी लागलं, की माणूस दगडासारखा बसून राहतो. हे मला नुसत्या वजनावरून कळतं.

आता तुम्ही विचाराल, डच खुर्चीला मराठी कुठून आलं? अहो, दर शनिवारी सकाळपासून कानीकपाळी तेच ऐकतेय मी! संपदा आणि तिच्या मंडळींच्या तालमी इथेच चालतात. संपदा झुइडास नावाच्या बँकांच्या भागात एका बँकेत संगणकाचं काम करते, राहते जवळच्याच बुइटनव्हेल्डर्टला. बाई कामाला वाघ. नाटक तिनेच लिहिलं, चाली तिनेच लावल्या, बसवलंही तिनेच. नवरा सारंग दिवे बघायचा आणि ती ओरडली की मुकाट्याने चहा आणून द्यायचा.

नाटकाचं नाव 'पाण्याखालची जमीन'. एक मुलगी लग्न होऊन या समुद्रसपाटीपेक्षा खोल देशात येते आणि इथलीच होऊन जाते, एवढीच गोष्ट, पण सगळी गाण्यांतून सांगितलेली. सायकलचा नाच होता, डॉक्टरकडची धमाल होती, भाजीवाल्या डच बाईशी भांडण होतं. न्यूजर्सीचे हेमचंद्र नावाचे एक खटपटी गृहस्थ होते. त्यांनी तालमीचं चित्रीकरण पाहिलं आणि खूश होऊन थेट न्यूयॉर्कला, ब्रॉडवेवरच्या थिएटरात प्रयोग ठरवले. त्याआधी इकडेच एकदोनदा करून बघायचं, लोकांचं काय म्हणणं पडतं ते ऐकायचं आणि मग डागडुजी करायची. इकडे त्याला ट्राय-आउट म्हणतात. पंगत बसायच्या आधी मीठ बघावं, तसलाच प्रकार.

नाटकातल्या मुलीचा बाप संपदाच्या खऱ्या बापाने करायचा ठरला. ते म्हणजे नीळकंठराव, सगळे त्यांना नाना म्हणायचे. मिरजेहून आले होते, उन्हाळाभर लेकीकडे राहायला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तरुणपणी हौशी नाटकांतून गायचे, आवाज अजून खणखणीत. माणूस मात्र अबोल. लेक सकाळी ऑफिसला निघाली की "डबा घेतलास?" आणि परत आली की "जेवलीस?", एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. हे मला कसं कळलं? संपदाच एकदा माझ्यावर बसून सारंगला सांगत होती, आणि सांगताना हसत होती. फक्त खांदे हलत होते तिचे.

नानांना एकच गाणं होतं. मुलगी फोनवर सांगते की मी आता परत येणार नाही, इथेच घर घेतलंय. बाप म्हणतो, छान केलंस. फोन बंद होतो. आणि मग त्या बंद फोनशी तो बोलायला लागतो. घर आता शांत झालंय असं मी सगळ्यांना सांगतो, ते खोटं आहे. तुझा फोन यायच्या आधी मी दोनदा खाकरून घेतो, म्हणजे आवाज धड निघेल. तुला सोडायला आलो तेव्हा विमानतळावर मला कुणी ओळखीचं भेटलेलं नव्हतं, मीच उगाच मागे राहिलो होतो. असं सगळं, एकेक करत, अगदी संथ चालीत. नाना ते गाताना हातवारे करायचे नाहीत. नुसते उभे राहायचे.

पहिला ट्राय-आउट रविवारी दुपारी झाला. सभागृह गच्च. निम्मे मराठी, निम्मे इकडचे शेजारीपाजारी. माझ्यावर आइंडहोव्हनहून आलेला अजित नावाचा इंजिनिअर बसला होता. बायकोने, शोभाने, ओढून आणलेला. गडी सुरुवातीपासून मोबाइलवर. सायकलच्या नाचाला लोकांनी वन्समोअर घेतला, डॉक्टरच्या गाण्याला घेतला. अजितने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

मग नानांचं गाणं लागलं. पहिल्या ओळीला अजितने मोबाइल खिशात टाकला. दुसऱ्या कडव्याला तो पुढे सरकून अगदी माझ्या गादीच्या कडेला आला, आणि तिथेच थिजला. माझा डावा हात त्याने असा धरला होता की मला वाटलं आता सांधा निखळतो. नंतर त्याच हातावर पाणी पडलं. इकडेतिकडे बघावं तर सगळ्या रांगांमध्ये तीच गत. एक खुर्ची कुरकुरली नाही. गाणं संपलं तरी कुणाला टाळी वाजवायची शुद्ध नव्हती. दिवे बदलले आणि पुढचा नाच सुरू झाला.

पण संपदा कुठे होती? विंगेत, पडद्याआड. तिला प्रेक्षक दिसतच नव्हते, नुसते ऐकू येत होते. आणि तिने काय ऐकलं, तर काही नाही. टाळी नाही, वन्समोअर नाही. शेवटाला मात्र सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आता इकडची माणसं सगळ्याच नाटकांना उभी राहतात. बरं होवो नाहीतर वाईट, कोट घ्यायला उठायचंच असतं, मग टाळ्याही उभ्यानेच. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या घटकेला माणसाला खरं वाटतंच.

नंतर आम्हाला गोल मांडलं, अजित परत माझ्यावरच. चहा आला, साबुदाणा वडे आले, आणि संपदा म्हणाली, मनापासून सांगा, काय खटकलं? हेमचंद्र लॅपटॉपवरून बघत होते. आपली माणसं अशा वेळी काय करतात? "छान झालं हो," "एकदम झकास." वड्यांचंही तेवढंच कौतुक. संपदा हट्टाला पेटली. काहीतरी खटकलंच असेल, तुम्ही सांगा, असं म्हणत ती अजितकडे वळली. त्याचे डोळे अजून लाल होते आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बिचारा गडबडला. एवढ्या लोकांत, बायकोच्या शेजारी, रडलो म्हणून कसं सांगणार?

"ते म्हाताऱ्याचं गाणं जरा लांबतं," तो म्हणाला. "तिथे पकड सुटते."

म्हणताना त्याचा हात माझ्या लाकडावरचं ओलं पुसत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! आजही वाईट वाटतं. अख्ख्या सभागृहात खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी आपली चार पायांवर उभी.

एकाने वाट दाखवली की बाकीच्यांना जोर येतो. हो, जरा संथ आहे. हो, मुलं चुळबुळत होती. कसली चुळबुळत होती? एक पोरगं हललं नव्हतं. पण हेमचंद्रांनी लॅपटॉपमधून मान डोलावली. नाटक तसंही लांबलंय, न्यूयॉर्कचं थिएटर वेळेचं फार काटेकोर आहे, काहीतरी काढावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. संपदाने वहीत खूण केली. मग म्हणाली, बघते.

मंडळी पांगल्यावर तिने नानांना सांगितलं. ते पहिल्या रांगेत बसून गळपट्टा गुंडाळत होते. नाना, वेळ फार होतोय, ते गाणं तूर्त काढते, फोनवरचा बापाचा आवाज आपण ध्वनिमुद्रित वापरू. नाना म्हणाले, "काढ की. नाटक महत्त्वाचं." गळपट्टा गुंडाळून झाला होता, तरी त्यांनी तो उलगडून परत गुंडाळला. संपदा तोवर सारंगला दिव्यांचं सांगायला गेली होती.

दुसरा ट्राय-आउट काही आठवड्यांनी झाला. नानांना आता रंगमंचावर काम नव्हतं, म्हणून ते प्रेक्षकांत बसले, बरोबर माझ्या शेजारच्या खुर्चीवर. आणि माझ्यावर कोण येऊन बसावं? अजित. या वेळी स्वतःहून आला होता, शोभाला सोडून एकटाच. हातात मोबाइल, पण उभा धरलेला, त्याच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवरचे एक म्हातारे गृहस्थ. कराडला राहणारे त्याचे वडील. अजित त्यांना हळूच सांगत होता, "बाबा, मध्यंतरानंतर एक गाणं आहे. तेवढं ऐका. बाकी नाही ऐकलंत तरी चालेल."

मला धस्स झालं. शेजारी नाना बसलेले, त्यांनीही ऐकलं. त्यांची खुर्ची किंचित करकरली.

मध्यंतर झालं. मुलीचा फोन आला, बापाचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, छान केलंस. अजितने मोबाइल उंच धरला. फोन बंद झाला, दिवे भगभगले आणि नाच सुरू झाला. अजितचा हात तसाच वर. नाच संपला, त्याला वन्समोअर मिळाला, परत नाच झाला, तरी हात वरच. शेवटी त्याने मोबाइल खाली घेऊन कानाशी नेला, तेव्हा त्यातून आलेलं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"माझ्या कानांचंच काहीतरी झालंय बघ, अजित. ते गाणं मला ऐकूच आलं नाही."

अजितने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. नाटक संपलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तो बसूनच राहिला. सभागृह रिकामं झालं तसा उठून तो थेट संपदाकडे गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मी रडलो होतो. लाज वाटली म्हणून तसं बोललो. माझ्या एका वाक्याने गाणं जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. संपदा ऐकत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

अजित निघून गेल्यावर ती नानांपुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "नाना, ते गाणं परत घालूया. तुम्ही न्यूयॉर्कला चला. मी हेमचंद्रांशी बोलते."

नाना गळपट्टा गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "आता नाही जमायचं, बाळा."

"का? आवाज तर लागतोय तुमचा."

"आवाजाचं नाही गं. नाटकात होतं तोवर म्हणता येत होतं. तू काढलंस, तेव्हा मला वाटलं, तुला ऐकायचं नाहीये."

संपदा मटकन माझ्यावर बसली. मी इतकी वजनं पेलली, पण असं जड कुणी माझ्यावर बसल्याचं मला आठवत नाही. तिने नानांचा हात धरला. म्हणाली, मला ऐकायचंय, आत्ता म्हणा, इथेच, मी एकटी आहे. नानांनी खरंच तोंड उघडलं. दोनदा खाकरले. आणि मग मान हलवली.

"तू अशी जवळ बसलीयस, संपदा," ते म्हणाले. "तुझ्या तोंडावर कसं म्हणू मी?"

त्याच आठवड्यात नाना मिरजेला गेले. नाटक न्यूयॉर्कला गेलं आणि धूमधडाक्यात झालं म्हणतात. सायकलच्या नाचाला तिकडेही वन्समोअर मिळाला. संपदाच्या तालमी परत सुरू झाल्यात. कधीकधी सगळे गेल्यावर ती येऊन माझ्यावर बसते आणि ती चाल गुणगुणायला लागते. पण पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही.

आम्हालाही आता इथून काढणार आहेत. एकावर एक रचता येतील अशा प्लास्टिकच्या खुर्च्या यायच्या आहेत. माझी गादी फाटली आहे, एक पाय डगमगतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, जाता जाता एक सांगते. जपा आम्हाला, पुसत जा, ओल्या जागी ठेवू नका, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणाचं गाणं ऐकून माझ्यासारखीच्या हातावर तुमच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, तर ते पुसून गप्प बसू नका. उठा, आणि गाणारा अजून तिथेच आहे तोवर त्याला जाऊन सांगा.