दोन पाण्यांत धुतलेले देऊळ

आश्विनातले ऊन गच्चीवर उतरले होते. निर्मळ, सुवर्णवर्ण, संथ. त्या उन्हात मल्हारी जिनगराच्या लाकडी चौकटी ओळीने पहुडल्या होत्या. चौकटीत छायाचित्र टिपलेली काच, काचेखाली रुप्याच्या द्रावात न्हालेला कागद. काचेतून ऊन झिरपे आणि कागदावर स्तंभ उमटत, कमानी उमटत, जांभूळवर्णी छाया उमटत. देवळांची चित्रे छापावीत ती मल्हारीने, असे सारे संस्थान म्हणे.

त्या सकाळी येसू पाथरवट जिना चढून आला. नदीकाठच्या महादेवाचे शिखर विजेने कोसळले होते. ते होते तसेच पुन्हा घडवायचे काम त्याच्याकडे आले होते. त्याने फडक्यातून बारा वर्षांपूर्वीचे छायाचित्र काढले. मल्हारीनेच छापलेले.

"शिखराची नक्षी दिसंना बगा, दादा. उन्हानं उडाली व्हय?"

पायऱ्या होत्या, नंदी होता. वर मात्र फिकट, पिवळी पोकळी.

मल्हारीने ती पोकळी ओळखली. चित्र पक्के करणारा क्षार निघून जावा म्हणून कागद सात पाण्यांत धुवायचा, ही उस्तादाची शिस्त. पण तेव्हा दुसऱ्या दिवशी चित्र दरबारात द्यायचे होते आणि मल्हारीला कौतुकाची घाई झाली होती. दोनच पाण्यांत धुतले. शेला मिळाला, वाहवा मिळाली. आणि कागदाच्या वरच्या भागात उरलेला क्षार बारा वर्षे शिखर कुरतडत राहिला.

"काच असंल की तुमच्याकडं. नवं छापून द्या."

काचही नव्हती. रिवाजाप्रमाणे ती खरवडून पुढच्या चित्राला वापरली होती.

ऊन म्हटले असते तर भागले असते. येसूने सबब आयती हातात दिली होती. पण मल्हारीला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ऊन नाही, येसूबा. मीच. घाईत नीट धुतलं नाही मी."

येसूने चित्र खाली ठेवले.

"मग आठवून तरी सांगा. कसं हुतं शिखर?"

मल्हारीने डोळे मिटले. कागदाचा जांभळा रंग आठवला, शेल्याची जर आठवली. शिखर आठवेना. त्याने ते कधी नीट पाहिलेच नव्हते.

त्याने डोळे उघडले. ऊन हातांवर पडले होते. रुप्याच्या द्रावाने काळी झालेली ती बोटे. किती धुतली, किती घासली, तरी काळीच. कागदावरचे काळे उडून गेले होते. बोटांवरचे तेवढे राहिले होते.