तक्रार कोणी करायची?

नगरसेविकाबाईंना सगळा वॉर्ड ताई म्हणे. वयाने त्यांच्याहून कितीतरी मोठे लोक ताई म्हणत, आणि ज्यांना आपल्या भाषेतला दुसरा शब्द येत नसे तेही ताईच म्हणत. खरं तर ताई घरातलं शेंडेफळ. घरी त्यांना ताई म्हणायला कोणी नव्हतंच, आणि बाहेर पडलं की दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे. ऐकायला बरं वाटतं, पण हाक मारणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच आलेला असतो. दुसऱ्यांदा निवडून आल्यापासून ताईंना मागून हाक आली तरी पाठीत कळ यायला लागली होती.

त्या दिवशी नियोजन खात्याचे पाहणीसाहेब आले होते. वॉर्डात कोण राहतं, कसं राहतं, काय नडतं, हे सगळं फिरून बघायचं आणि वरच्यांसाठी चार पानांत मांडायचं, हे त्यांचं काम. साहेब तरुण होते, नम्र होते आणि कोरे करकरीत बूट घालून आले होते. ते बूट बघूनच ताईंच्या मनात आलं, हे गृहस्थ दुपारपर्यंत लंगडणार.

बसडेपोच्या मागच्या गल्लीतून दोघं निघाली. ही गल्ली म्हणजे वॉर्डाचं पोट. एका दुकानात चपला शिवून मिळतात, त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइल दुरुस्त होतात आणि माळ्यावर दोघांची मिळून सहा पोरं अभ्यास करतात. पाट्या इतक्या लिप्यांत की सगळ्या वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पुढे खाटेमागे भाडं घेणारी लॉज. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो, गादी काही थंड होत नाही. तीन धर्मांची तीन प्रार्थनाघरं एकाच भिंतीला टेकलेली. त्यांची भांडणं देवावरून नसतात, स्कूटर कुठे लावायची यावरून असतात.

"इथे साधारण किती भाषा बोलल्या जातात, ताई?" साहेबांनी विचारलं.

"भांडताना की एरवी?"

"म्हणजे?"

"एरवी पुष्कळ. भांडायला उभे राहिले की सगळे आपल्या भाषेत येतात. शिव्या पहिल्या शिकतात हो माणसं. पत्ता विचारायला नंतर शिकतात."

साहेब हसले. ताईंना हसायचा कंटाळा आला होता. गल्ली संपेपर्यंत गटार, दिवा, भाच्याची नोकरी आणि शेजारणीचा कुत्रा अशा चार गाऱ्हाण्यांना त्या थांबल्या होत्या. गटार उद्या उपसतील, दिव्याचं सांगितलंय, नोकरी माझ्या हातात नाही, कुत्रा तर नाहीच नाही. हे सगळं त्यांनी चालत्या पावलीच सांगितलं.

कोपऱ्यावर पालिकेच्या मालकीची सहामजली इमारत लागली. तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान आणि शेजारी लिफ्टचं दार. दारावर 'बंद' लिहिलेला पुठ्ठा इतका जुना की अक्षरं पिवळी पडली होती. ताईंनी नजर वळवली. या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांची आई राहत होती, आणि लिफ्ट बंद पडल्यापासून तिने खालचा रस्ता पाहिलेला नव्हता.

"या इमारतीची एकही तक्रार नाही खात्याकडे," साहेब कौतुकाने म्हणाले. "रहिवासी समाधानी दिसतात."

ताईंचा पाय तिथेच अडखळला. खात्याचा नियम असा की रहिवाशाने तक्रार केली तरच दुरुस्ती होते. एकानेही केली तरी पुरे. ताई स्वतः सांगू शकत होत्या, नाही असं नाही. पण पहिल्या खेपेला मेहुण्याच्या दुकानापुढे रस्त्याचा दिवा लागला, तेव्हा 'उजेड पाडला तो घरच्यांच्याच दारात' म्हणून विरोधकांनी वर्षभर जीव नकोसा केला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. परक्या कोणी तक्रार करावी, मग आपण तिच्या मागे लागावं, असं ठरवून त्या वाट बघत बसल्या होत्या. सहा मजल्यांत एवढी बिऱ्हाडं, एकालाही लिफ्ट नको? आतल्या आत त्या या लोकांवर चिडल्याही होत्या.

"काय हो," त्यांनी न्हाव्याला विचारलं, "लिफ्टची तक्रार का नाही केली कोणी?"

न्हावी दूरच्या मुलखातून आलेला. बोली अजून जिभेला पुरती बसली नव्हती, पण अदब पक्की. वस्तरा खाली ठेवून तो म्हणाला, "तक्रार? छे छे, ताई! तुमच्या आई राहतात वर. आम्ही तक्रार केली तर ती तुमच्यावरच झाली ना? पोटची लेक आहे, ती करणारच. लोक काय म्हणतील, की लेकीला सांगावं लागलं? आम्ही सगळे इथेच बसलो, या दुकानात. ठरवलं, ताईंना खाली बघायला लावायचं नाही."

"सगळ्यांनी ठरवलं?"

"सगळ्यांनी! पाण्याच्या टाकीवरून एकमत झालं नाही कधी. यावर झालं."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी ताईंची भीड धरली, ताईंनी जगाची धरली, आणि म्हातारी वर अडकली. ताईंना हसू येईना की रडू येईना. साहेबांचे बूट एव्हाना चावायला लागलेच होते. ते न्हाव्याच्या बाकावर टेकले. ताई एकट्या जिना चढू लागल्या.

चौथ्या मजल्यापर्यंत त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली. आईच्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी एक खुर्ची होती. ताई तिच्यात कोसळल्याच. दार उघडंच होतं. आई आत उंबऱ्यापाशी भाजी निवडत बसली होती.

"बस. आधी श्वास घे, मग बोल," आई म्हणाली. "पाणी तांब्यात आहे."

ताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी घडलं ते सगळं सांगून टाकलं. "आजच तक्रार करते, आई. तुझ्याच नावाने. कोणाला बोंबलायचं ते बोंबलू दे. महिन्याभरात खाली उतरशील तू."

आईने शेंग मोडली. "कर. सहाव्या मजल्यावरची नर्स पोटुशी आहे. तिच्यासाठी करायलाच हवी."

"आणि तुझ्यासाठी?"

आईने दुसरी शेंग उचलली. मग म्हणाली, "लिफ्ट चालू होती तेव्हा कोण यायचं गं इथे? सगळे सर्रकन वर जायचे. दारावरून गेलेलं कळायचंही नाही. ती बंद पडली आणि चौथ्यावर येईस्तोवर एकेकाचा दम तुटायला लागला. म्हणून खुर्ची ठेवली. आता ती नर्स बसते, पाचव्यावरचा पेटी वाजवणारा बसतो, त्याची सून बसते. कुणाचं बोलणं कळतं, कुणाचं नाही. पण बसतात. माझी भाजी निवडून देतात. त्या सुनेने परवा माझी वेणी घातली."

"मी येते की, आई."

"येतेस. दम लागतो म्हणून तूही बसतेस."

हे आई लागावं म्हणून बोलली नव्हती. शेंगेची शीर काढावी तितक्या सहज बोलली. ताईंना मात्र ते काळजात लागलं. वॉर्डातल्या प्रत्येक दारात त्या थांबत होत्या, आणि इथे थांबायला त्यांना चार मजल्यांची धाप लागत होती.

त्यांनी तिथूनच खात्याला फोन लावला. इमारत सांगितली, मजला सांगितला. "तक्रारदार कोण?" पलीकडून विचारलं. ताईंनी आईचं नाव स्पष्ट सांगितलं आणि नातंही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पुढच्या कामाचे दोन फोन तेवढ्यात येऊन गेले होते.

जिन्यात पावलं वाजली. सहाव्या मजल्यावरची नर्स एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने पोट धरून वर आली. ताईंना खुर्चीत बघून ती कठड्याशीच घुटमळली. ताई चटकन उठल्या आणि त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. दुसरी खुर्ची नव्हती.

नर्स संकोचली. "तुम्ही बसा ना, ताई."

"बस गं तू," आतून आई म्हणाली. "ही निघालीच आहे."

ताई निघाल्या नव्हत्या. पण पिशवी खांद्याला होती, फोन हातात होता, आणि एक पाय खालच्या पायरीवर गेलेला होता.