बिनमिठाची कोलंबी

मिठागरावर जन्म गेला माझा, आणि डॉक्टरांनी मलाच मीठ तोडायला सांगितलं. ब्लडप्रेशर. हौसाने ते फारच मनावर घेतलं. कोलंबीचं लोणचं बिनमिठाचं घातलं, आंबटही नावालाच, वरपर्यंत तेल ओतलं आणि बरणीचं झाकण घट्ट आवळलं. मुरल्यावर आम्ही दोघा नवराबायकोंनी बोटं चाटत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मला समोर दोन-दोन हौसा दिसायला लागल्या. मग पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, पाण्याचा घोट उतरेना. माझा थोरला भाऊ गुणाजी अष्टमी गावाहून मोटरसायकलवर आला. धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करतो, म्हणून विषातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा तोरा. पडवीत फवारणीच्या औषधाची बाटली दिसली आणि त्याने ठरवून टाकलं, हिनेच नवऱ्याला पाजलं.

रामवाडीच्या दवाखान्यात मला खाटेवर टाकलं आणि बाहेर व्हरांड्यात त्याने हौसाला धरलं. माझे डोळे मिटलेले, अंग लुळं, पण कान आणि डोकं शाबूत होतं. केस धरून तो तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. मी सगळं ऐकलं.

"काय पाजलंस गो त्याला? बोल."

ती काहीतरी बोबडं बोलली. नाटक करते म्हणून त्याने आणखी हाणलं. तिचीही जीभ जड झालीय, हे त्या बैलाला कोण सांगणार? सांगणारा मी, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टर ऋतुजा मॅडमनी माझ्या पापण्या वर केल्या. फवारणीचं विष असतं तर लाळ गळाली असती, बाहुल्या बारीक झाल्या असत्या, असं त्या नर्सला म्हणाल्या. इथे तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, ताप नाही, आणि लुळेपणा वरून खाली उतरतोय. बोट्युलिझम वाटतोय, मीठ-आंबट कमी पडलेल्या हवाबंद अन्नात तयार होणारं विष. प्रतिविष मुंबईहून मागवा, व्हेंटिलेटर लावा. मग त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"कान्हू, तुम्ही जे खाल्लंत ते बायकोनेही खाल्लं असेल, तर माझं बोट दाबा."

मी जीव खाऊन दाबलं.

त्या बाहेर धावल्या. हौसा भिंतीला टेकून बसलेली होती. मार खाऊन गप्प झाली, असंच सगळ्यांना वाटलं होतं. श्वास केव्हा थांबला ते कुणालाच सांगता आलं नाही. नळी घातली, छाती दाबली, पण ती गेली होती.

मी वाचलो. आता गुणाजी रोज माझ्या पायाशी बसून रडतो, चुकलं म्हणतो. हातात जोर यावा म्हणून मॅडम मूठ वळायला लावतात. मी वळतो. तो डोळे पुसतो.

"जोर येतोय रे कान्हू," म्हणतो, "अजून आवळ."

मी आवळतो.