अडतीस ओळींचा कागद

गुडीहत्नूरला हमरस्त्यालगत उद्धवरावांच्या कापसाच्या आवारात त्या मंगळवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. रांगेच्या टोकाला मांडव, मांडवात गादी, गादीवर स्पंदनानंद महाराज आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला चेला. लॅपटॉपला एक पितळी दांडी जोडलेली. नाव, वय, वजन सांगायचं, दांडी मिनिटभर मुठीत धरायची. मग प्रिंटर कुरकुरायचा आणि अडतीस ओळींचा कागद बाहेर यायचा. हृदय इतके टक्के, यकृत तितके टक्के, हाडं, डोळे, सगळं.

"सुई नाही, शिशी नाही, रक्ताचा थेंब नाही," महाराज माइकवर बोलत होते. "देहाची एकेक पेशी ओंकार म्हणते. आमचं यंत्र तो ऐकतं. ऋषींची नाडीविद्या आणि जपानचं विज्ञान, दोघांचं लग्न आम्ही हिमालयात लावलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली.

मी भिवाजी. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासत आलो. असल्या तमाशाला मी फिरकत नाही, पण शेजारची रेणुकाबाई रांगेत आहे असं कळलं म्हणून गेलो. बाई विधवा, कापूस वेचून पोट भरते. घरात ती आणि तीन वर्षांची नात, एवढंच. तिचा खोकला भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचा. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला दवाखान्यात धाडलं होतं.

"पाहा भाऊ," तिनं कागद माझ्यापुढं धरला. "फुप्फुसं उत्तम. ब्याण्णव टक्के." टक्के म्हणता म्हणता तिला उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "यकृत थकलं म्हणे, त्याच्यानं खोकला येऊन राह्यला. चूर्ण देल्लं महाराजानं."

"रेणुकाबाई, उद्या दवाखान्यात या."

"काऊन येऊ? मागल्या खेपेला चार शिश्या रक्त काढलं. तीन दिवस मजुरी बुडाली. काय निघालं ते कोणी सांगतलं का मले? इथं एका मिनिटात सांगते."

महाराजांना चार शब्द सुनवायला आलेला मी, या बाईला काय सुनवणार? ती खरं बोलत होती.

"नात कुठं झोपते?" मी विचारलं.

"माह्याच कुशीत. दुसरं कोण हाय तिले?"

तो खोकला मला वाटत होता तसा क्षयाचा असला, तर कुशीतल्या पोरीचं काय होणार हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रेणुकाबाईचा तपासणीचा फॉर्म शोधून काढला. छापील फॉर्म, बावीस चौकटी आणि बावीसही चौकटींत खुणा. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, टायफॉइड, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. खाली सही डॉ. दौलतची. हा आमचा हाउस सर्जन, म्हणजे डॉक्टरी शिकून झालेला पण अजून हात बसवत असलेला. बेज्जूरकडच्या खेड्यातला, घराण्यातला पहिला डॉक्टर. पोरगा वाईट नाही.

"डॉक्टरसाहेब, या बाईला काय झालं असं वाटलं तुम्हाला?"

"तसं काही ठरवलं नव्हतं, काका. म्हणून तर सगळ्या लिहिल्या."

"खोकला किती दिवसांचा, विचारलं?"

तो फॉर्म उलटून पाहू लागला. बाईचा खोकला काय कागदाच्या पाठीवर लिहिलेला असतो?

"राउंडला सर काय विचारतील नेम नसतो," तो म्हणाला. "एका पेशंटचं कॅल्शियम केलं नव्हतं, तर सगळ्यांसमोर हजेरी घेतली माझी. तेव्हापासून मी सगळ्याच चौकटी भरतो. सीनियरही तेच करतात."

"म्हणजे हे पेशंटसाठी नाही. सरांच्या रागावरचा उतारा आहे."

तो फॉर्मची घडी घालू लागला.

"आणि थुंकीची तपासणी?"

"ती या फॉर्मवर नाही ना. तिची चिठ्ठी वेगळी असते."

वेगळी असते. कपाटात गठ्ठा पडलेला असतो. चौकट नाही म्हणून खूण नाही, खूण नाही म्हणून तपासणी नाही. बावीस तपासण्या झाल्या, कोणाला काही सांगायची गरज वाटली नाही, आणि जी एक फुकटची, बिनसुईची, ती तेवढी राहिली. महाराजांची किळस आली होती तेवढीच मला आमच्या दवाखान्याची आली. आणि माझी स्वतःची. तो फॉर्म माझ्या हाताखालून गेला होता, आणि बाईचा खोकला रोज ऐकणारा मी मुकाट्यानं रक्त काढून मोकळा झालो होतो.

दौलत म्हणाला, "पण काका, आता ती यायची नाही. महाराजांच्या कागदावर फुप्फुसं उत्तम आहेत."

"रोज सकाळी तुम्ही चहाला जाता तेव्हा मी काय करतो, ठाऊक आहे? ज्या नमुन्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे, तो मशीनला लावतो. उत्तर चुकलं, तर मशीन दुरुस्त होईपर्यंत कोणाचं रक्त तिला लावत नाही. महाराजांच्या यंत्राला असा नमुना कोणी लावला?"

"तसा नमुना आणायचा कुठून?"

"माझ्या घरी आहे," मी म्हणालो.

गुरुवारी मी आणि दौलत माझ्या बायकोला, द्वारकाबाईला, घेऊन मांडवात गेलो. रेणुकाबाईही चूर्ण संपलं म्हणून नातीला घेऊन रांगेत होतीच. द्वारकाबाईनं वय सांगितलं, वजन सांगितलं, दांडी धरली. कागद आला.

"माताजी, गर्भाशयाला सूज आहे," महाराज गंभीरपणे म्हणाले. "अठ्ठावन्न टक्के. वेळेवर आलात."

"कुठची वेळेवर?" द्वारकाबाई म्हणाली. "पिशवी काढून सात वर्षं झाली माही."

मागं एक बाई फिसकन हसली.

महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "स्थूल पिशवी जाते, माताजी. सूक्ष्म पिशवी राहते. यंत्र सूक्ष्माचं स्पंदन टिपतं." आणि खोटं वाटेल, रांगेतल्या चार-पाच माना होकारार्थी हलल्या. नसलेल्या पिशवीला सूज येते हेही लोक ऐकून घेतात.

दौलत पुढं झाला. "मला एकदा यंत्र पाहू द्या."

"अपवित्र हात लागला तर स्पंदन बिघडतं," महाराज म्हणाले.

तेव्हा उद्धवराव खुर्चीतून उठले. "महाराज, आवार माहं हाय. लोकं उद्या मले इचारतीन. पाहू द्या डॉक्टरले."

दौलतनं दांडीची वायर लॅपटॉपमधून उपटली आणि टोक वर धरून सगळ्यांना दाखवलं. दांडी द्वारकाबाईच्या मुठीत, वायर याच्या हातात. चेल्याला म्हणाला, "दाब बटण." चेल्यानं महाराजांकडं पाहिलं, मग उद्धवरावांकडं पाहिलं आणि बटण दाबलं.

प्रिंटर कुरकुरला. गर्भाशयाला सूज, अठ्ठावन्न टक्के.

"आता भर. स्त्री, वय बावन्न, वजन एकेचाळीस."

या वेळी दांडी कोणाच्याच हातात नव्हती. तरी कागद आला. वय-वजन रेणुकाबाईचं, तिच्या फॉर्मवरून घेतलेलं. दौलतनं तिला बोलावलं आणि तिचा मंगळवारचा कागद शेजारी धरून मोठ्यानं वाचायला लागला. अडतीसच्या अडतीस ओळी सारख्या. फुप्फुसं उत्तम, ब्याण्णव टक्के.

"ही दांडी काही ऐकत नाही," तो लोकांना म्हणाला. "वय, वजन, बाई की पुरुष एवढं भरलं की आत आधीच लिहून ठेवलेले आकडे छापून येतात. त्या वयाच्या, त्या वजनाच्या सगळ्या बायांना हाच कागद."

महाराजांची एकाएकी ध्यानाची वेळ झाली. ते जीपमध्ये जाऊन बसले आणि जीप निर्मल गावच्या वाटेला लागली.

लोक ओरडत होते, हसत होते. रेणुकाबाई हसली नाही. हातातले दोन्ही कागद पाहत तिनं विचारलं, "मंग माहा खोकला?"

दौलत तिच्यासमोर खाली बसला. "किती दिवसांचा आहे, मावशी?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"ताप?"

"रोज सांजच्याला. रात्री घाम सुटते."

"वजन?"

"चोळ्या ढिल्या झाल्या सगळ्या."

"नातीला काही?"

"तिलेबी बारीक ताप येऊन राह्यला महिन्यापासून."

कोणती तपासणी करायची ते एवढ्यात ठरलं. चार प्रश्न, आणि तेही मांडवात, मातीत बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची थुंकी मी काचपट्टीवर घेतली, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निळ्या रंगात लाल काड्या दिसल्या. क्षय. दौलतला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ डोळा लावून उभा होता. त्याच दिवशी रेणुकाबाईच्या गोळ्या सुरू झाल्या. नातीच्या छातीचा एक्स-रे काढला, तर तिथंही डाग. तिलाही गोळ्या लागल्या.

"सुई टोचलीच नाही," रेणुकाबाई दौलतला म्हणाली. "मंग हे पहिल्याच दिशी काऊन नाही केलं?"

"माझी चूक झाली, मावशी. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

तिनं नातीला पदराखाली घ्यायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. पोरगी रडायला लागली.

दोघी हळूहळू बऱ्या झाल्या. महाराज दुसऱ्या कुठल्या गावात मांडव घालून बसले असतील, त्यांची मला काळजी नाही. मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. गळ्यात रुद्राक्ष असो की स्टेथोस्कोप, कोणीही तुमच्या हातात तपासणीचा कागद ठेवला तर त्याला विचारा, की ही कशासाठी? होय निघालं तर काय करणार, नाही निघालं तर काय करणार? त्याला उत्तर देता आलं नाही, तर तो यंत्राची पूजा करतो आहे असं समजा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.

बावीसच्या बावीस खुणा असलेला फॉर्म मी आता परत पाठवतो. दौलतचा एकही येत नाही. बाकीच्यांचे आज सकाळी पाच आले.