नव्वद दिवसांच्या आत

चिमीच्या नव्या संसारात एकाही वस्तूचं लेबल काढलेलं नव्हतं. ती येण्याच्या आदल्या दिवशी आणलेलं दोन खुर्च्यांचं टेबल होतं, पण त्यावर जाड प्लास्टिक. कपाटामागे कपाटाचाच खोका घडी घालून ठेवलेला, आणि पावत्या सगळ्या बिस्किटांच्या डब्यात. नवरोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अगं, इथली दुकानं नव्वद दिवसांत काहीही परत घेतात. लेबल शाबूत ठेवायचं. इथे सगळेच असं करतात."

परदेशात नव्याने आलेल्या माणसाला "इथे सगळेच असं करतात" म्हटलं, की तो बिचारा मान डोलावतो. चिमीनेही डोलावली. इस्त्री महिनाभर वापरून परत गेली, मिक्सर तर तीन झाले. आईला ती फोनवर कौतुकाने सांगायची, "फार काटकसरी आहेत गं. वस्तूवर ओरखडासुद्धा पडू देत नाहीत." आईच ती, जावयाचे गुण ऐकून धन्य झाली.

एकदा मात्र घोटाळा झाला. चिमीने पलंगपोस धुतला आणि टोचतं म्हणून त्याचं लेबल कात्रीने कापून टाकलं. नवरा असा भडकला, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मला न विचारता हात का लावलास?"

आपल्याच पलंगपोसाला हात लावायला परवानगी लागते, हे तिला नवीन होतं. ती रडली, आणि मग कामाचा ताण असेल म्हणून स्वतःचीच समजूत घातली. नवऱ्यावर जीव असलेल्या बाईला कारणं शोधायला लांब जावं लागत नाही.

आणि जीव तर होताच. त्याला चकित करायचं म्हणून ती शेजारणीबरोबर वाचनालयात इथली भाषा शिकायला जात होती, अगदी गुपचूप. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या, आणि चुकलं की औषध पाजल्यासारखं तेच वाक्य दहादा म्हणायला लावायच्या. नवऱ्याच्या वाढदिवसाला त्याच्याशी फाडफाड बोलायचं, असा चिमीचा बेत होता.

ऐंशीव्या दिवशी तो म्हणाला, "आईची आठवण येते ना तुला? महिनाभर जाऊन ये. रविवारचं तिकीट काढलंय." चिमी हरखली. न मागता माहेर देणारा नवरा किती जणींना मिळतो! शनिवारी सकाळी पाहते, तर नवरोबा टेबलाचे पाय खोलत बसलेले.

"अहो, हे कशाला?"

"मुदत संपतेय. तू आलीस की नवीन घेऊ. चल, ते पडदे घे आणि खुर्च्या धर जरा."

दुकानातल्या परतीच्या काउंटरवर रांग होती. त्यांचा नंबर आला. तिथल्या मुलीने टेबल पाहिलं, खुर्च्या उलट्या करून पाहिल्या, पडदे मोजले.

"काही बिघाड आहे का?" तिने विचारलं. चिमीला शब्द न् शब्द कळला. हा तर तिसरा धडा!

"बिघाड काहीच नाही," नवरा त्याच भाषेत म्हणाला. "आता गरज उरली नाही. ही उद्या आईकडे जातेय, कायमची."

"अरेरे." मुलगी चिमीकडे वळली. "तुम्हाला..."

"तिला भाषा येत नाही," तो घाईने म्हणाला. "आणि तिला अजून सांगितलेलंही नाही. तिकडे पोचली, की फोनवर सांगेन."

मुलीने मान खाली घालून शिक्का मारला. चिमीने काउंटरची कड धरली. टेबल ती येण्याआधी आणलेलं होतं. म्हणजे तिने या घरात पाऊल टाकण्याआधीपासून या माणसाने माघारीची वाट मोकळी ठेवली होती, आणि ती वेडी त्याला काटकसर म्हणत होती.

बाहेर आल्यावर तिने कसंबसं विचारलं, "काय म्हणत होती हो ती?"

"काही नाही. टेबल चांगलं असून परत का करताय म्हणे. म्हटलं, बायकोला मोठं हवंय."

"मग मी आल्यावर घ्यायचं ना मोठं?"

"घ्यायचं म्हणजे काय! तुझ्याच पसंतीचं घेऊ. चांगलं चार खुर्च्यांचं."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज किती मऊ होता, किती लाघवी. पलंगपोसाचा तो एक दिवस सोडला, तर गेले ऐंशी दिवस तो तिच्याशी याच आवाजात बोलत आला होता.