शिंग कुणाच्या हातात?

लिकमुंड माणूस वाईट नव्हता, पण घोड्यावर बसायची अक्कल त्याला कुठल्याच देवाने दिली नव्हती. गेल्या हिवाळ्यात घरच्याच म्हाताऱ्या तट्टावरून पडला, बर्फावर डोकं आपटलं आणि खेळ खलास. ना लढाई, ना वादळ, ना तलवारीचा घाव. आता घरच्यांना त्याच्या नावाचा दगड उभा करायचा होता, आणि त्या दगडावर तो ओडिनदेवाच्या आठ पायांच्या घोड्यावर बसून वालहल्लाच्या, म्हणजे लढून मेलेल्या वीरांसाठीच्या देवाच्या महालाच्या, दारात पोचलेला हवा होता.

"चार पायांवर टिकला नाही, तो आठांवर काय टिकणार?" मी सिब्बाला म्हटलं.

"दगडातला घोडा हलत नाही," सिब्बा म्हणाला आणि छिन्नी चालवत राहिला.

सिब्बा म्हणजे माझा नवरा. दगड तो कोरतो, रंग मी भरते. बोलायचं कामही माझंच, कारण गिऱ्हाईक दिसलं की ह्याची दातखीळ बसते.

आमच्या बेटावर असे दगड रस्त्यारस्त्याला आहेत. खाली शिडाचं जहाज, वर घोडेस्वार, आणि स्वारापुढे लांब झग्यातली एक बाई. तिच्या हातात शिंग, शिंगात बिअर. मेलेला दमून येतो ना, त्याला दारातच प्यायला द्यायला ओडिनची दासी उभी असते. छिन्नीने नुसती आकृती निघते. तिला नाक नाही, डोळे नाहीत. केस कसले आणि झगा कसला, ते माझा रंग ठरवतो. त्यामुळे भांडण लागलं की तेही माझ्याच दारात येतं.

पहिली आली हाल्वी, लिकमुंडची बायको. मी अंगणात गेरू वाटत होते. ती शेजारी बसली, वरवंटा माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतःच वाटायला लागली. न सांगता कामाला हात लावणारं माणूस आलं की मी सावध होते. त्याला काहीतरी मागायचं असतं.

"उन्नाताई, त्या बाईचे केस तांबडे करशील?"

हाल्वीचे स्वतःचे केस चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल. "आणि झगा निळा ना?" मी म्हटलं. "तुझ्या ह्या झग्यासारखा?"

ती वाटतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी निघताना त्याने शिंगभर बिअर मागितली होती. मी म्हटलं, माझ्याकडे काय मागतोस? कोठाराच्या किल्ल्या तुझ्या आईच्या कमरेला, जा, तिच्यापुढे हात पसर. तसाच रागारागाने गेला. माझं शेवटचं बोलणं ते, ताई. निदान तिथे तरी त्याला माझ्या हातून मिळू दे गं."

"करते," मी म्हणून बसले.

तेवढ्यात किल्ल्यांचा आवाज आला. बोटवीकाकूंच्या आधी त्यांच्या किल्ल्याच येतात. लिकमुंडची ही आई, घरात सून येऊन इतकी वर्षं झाली तरी कोठार हिच्याच ताब्यात.

"उन्ने, ऐक," काकूंनी सुनेकडे न बघताच सुरुवात केली. "ती बाई पांढऱ्या केसांची कर. आणि कमरेला किल्ल्या दाखव. चांगल्या मोठ्या, लांबून दिसल्या पाहिजेत."

"काकू, वालहल्लात किल्ल्या कशाला? तिथलं दार उघडंच असतं म्हणे."

"उघडं असलं म्हणून काय झालं? दारात जबाबदारीचं माणूस नको?"

हाल्वीने वरवंटा आदळला. "तिथेही कुलूप लावून बसाल, सासूबाई! बिचारा ओडिन तहानेने तडफडेल."

"मी त्याला पहिलं दूध पाजलंय!"

"लहानपणी! नंतर पाजायला मी होते!"

"हो, तुझी ती करपलेली लापशी! तट्टाने मारला नसता तर तिने मारला असता!"

सिब्बाने छिन्नी उचलली आणि गपचूप दगडाच्या मागच्या बाजूला गेला. तिकडे कोरायला काही नव्हतं. मला मात्र जायला जागा नव्हती, म्हणून मी तोंड उघडलं. माझं तोंड एकदा उघडलं की काय बाहेर पडेल ते मलाही माहीत नसतं.

"एक सांगायचं राहिलंच," मी आवाज खाली आणून म्हटलं. "त्या बाईला जिवंत माणसाचं रूप दिलं ना, की ओडिन त्या माणसाला बोलावून घेतो. वर्षाच्या आत."

दगडामागे सिब्बा खोकला. असलं काही त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

काकूंचा चेहरा उतरला. "वर्षाच्या आत?"

"आत."

"पण माझ्या कोंबड्या आत्ताच अंड्यांवर बसल्यात..." म्हणत त्या दोन पावलं मागे सरल्या.

झालं, मी मनात म्हटलं. आता दोघी माघार घेतील, मी ओडिनची दासी रंगवीन आणि निवांत जेवीन.

"तिचे केस तांबडेच कर, ताई," हाल्वी म्हणाली.

"अगं, काय म्हटलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. आजच कर."

मी गारच पडले. आणि काकू कडाडल्या, "डोकं फिरलंय का तुझं? उन्ने, खबरदार! पांढरे कर, माझे कर! मुलगा गेला, आता हीपण जाणार, मग मी काय मेंढ्यांशी बोलत बसू?"

"तुम्ही कशाला जाल?" हाल्वी रडायला लागली. "त्याला तहानलेला मी पाठवला."

"तू नाही गं, मी!" काकूंचा आवाज फाटला. "तुझ्याकडून तो माझ्याकडेच आला होता. मी म्हटलं, दिवसाढवळ्या कसली बिअर? घोड्यावर बसायचंय, पडशील." मग डोळे पुसत, रागाने की हसून कोण जाणे, म्हणाल्या, "तर न पिताच पडला मेला!"

हाल्वीला हे माहीतच नव्हतं. तिने सासूचा हात धरला आणि दोघी माझ्या अंगणात बसून हुंदके द्यायला लागल्या. मी दोघींच्या मध्ये माझी थाप घेऊन उभी. खरं सांगावं तर दोघी मिळून माझ्या झिंज्या उपटतील, आणि न सांगावं तर दोघी मरायला तयार.

दगडामागून सिब्बा बाहेर आला. वर्षभरात गिऱ्हाइकासमोर तो तेवढं एकच वाक्य बोलला. "मी ओडिनची दासीच कोरलीय."

"तेच तर!" मी लगेच धरलं. "दासीला कसला धोका? तिचे केस मी काळे करते, तुमच्या घरात काळे केस कुणाचेच नाहीत. पण शिंग अजून रिकामं आहे, आणि तिथली बिअर लिकमुंडला काय रुचणार? घरची आणा. मी लाल रंग तिच्यातच कालवते आणि शिंग भरते."

"हीपण थापच ना?" सिब्बा कानाशी कुजबुजला.

"बिअरमध्ये रंग छान बसतो. हे खरं आहे, गप्प बस."

काकू उठल्या. कमरेचा जुडगा सोडायला त्यांना वेळ लागला, किती वर्षांची गाठ ती. त्यांनी तो सुनेच्या हातात दिला. "डावीकडच्या पिंपातली आण. सणासाठी ठेवलेली, मध घातलेली. त्याला तीच आवडायची."

हाल्वी धावत गेली आणि घागर भरून घेऊन आली. घागर खाली ठेवून तिने किल्ल्या पुढे केल्या.

"राहू देत तुझ्याकडे," काकू म्हणाल्या. "कमरेला बोचतात मला."

रंगाला वाटीभर बिअर पुरली. बाकीची वाया घालवणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही चौघं प्यायलो. सिब्बा दोन शिंगं प्यायला आणि तरीही काही बोलला नाही. मी दासीच्या हातातलं शिंग काठापर्यंत लालभडक रंगवलं आणि कुंचला पुसायला घेतला, तर बोटवीकाकूंनी माझं मनगट धरलं.

"उन्ने, अजून एक हात दे गं. तहानलेला होता तो."

मी अजून एक हात दिला.